वस्तीत फी न घेता आर्किटेक्टचं काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात पाच जणांची तरुण आर्किटेक्चर फर्म आहे, येरवड्याच्या बाजूच्या एका वस्तीतल्या महिला बचत गटाने त्यांना विचारलंय की आमची घरं दमट आहेत, अंधारी आहेत, संडास घरात पाहिजे, वरती एक खोली काढायचीय, तुम्ही काही करून द्याल का, पण फी द्यायला पैसे नाहीत. फर्मला मनापासून करायचंय. पण किती वेळ द्यायचा, कायद्याचं काय, कुठून सुरू करायचं आणि याने खरंच काही फरक पडतो का, हे त्यांना कळत नाहीये.

वस्तीतली कामं मी बरीच वर्षं करतेय, फी घेऊन पण आणि न घेता पण, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण नीट वाचा.

पहिलं म्हणजे, जरूर करा. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा की फी माफ करणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. वस्तीतल्या माणसाला प्लॅन काढून मिळत नाही म्हणून त्याचं घर अडलंय असं फार कमी वेळा असतं. अडतं ते जमिनीच्या कागदावर, ड्रेनेजच्या लेव्हलवर, वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर, मिस्त्रीच्या हिशोबावर. तुम्ही सुंदर ड्रॉइंग देऊन निघून आलात तर ते ड्रॉइंग कपाटावर जातं आणि घर मिस्त्री बांधतो तसंच बांधलं जातं. म्हणून मोफत द्यायचंच असेल तर तुमची हजेरी द्या, काम संपेपर्यंत. आणि तेवढी हजेरी देता येईल एवढंच काम हातात घ्या.

वेळेचा हिशोब करायला अमेरिकेतलं एक उदाहरण कामाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पब्लिक आर्किटेक्चर या संस्थेने, जॉन पीटरसन या आर्किटेक्टने ती २००२ मध्ये सुरू केली, फर्म्सना साधी विनंती केली की तुमच्या कामाच्या तासांपैकी १ टक्का समाजाच्या कामाला द्या. वर्षाचे २,०८० तास धरले तर माणशी साधारण २० तास होतात. ऐकायला फारच किरकोळ वाटतं, आणि एकेकट्याने दिले तर किरकोळच आहेत, वस्तीत २० तास नुसते ओळखी होण्यात जातात. पण तुमच्या पाच जणांचे मिळून १०० तास होतात, ते एकाच वस्तीत, एकाच कामावर लावा. माझ्या अंदाजाने एका गल्लीतल्या १०-१५ घरांचे संडास आणि उजेडाचं काम मापं घेण्यापासून साइटवर उभं राहण्यापर्यंत त्यात कसंबसं बसतं. अख्ख्या वस्तीचा मास्टर प्लॅन बसत नाही, तेव्हा तो शब्द पहिल्या मीटिंगमध्ये तोंडातून काढू नका, लोक तो लक्षात ठेवतात.

आता वस्तीत जायच्या आधी घरी बसून करायचं काम. जमीन कोणाची आहे ते शोधा. महापालिकेची, सरकारी, खासगी, रेल्वेची, वनखात्याची, डिफेन्सची, प्रत्येकाचं गणित वेगळं. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का अघोषित, हे बघा, कारण पाणी-ड्रेनेज-दिवाबत्तीचं पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्यांसाठी जो घटक आहे, म्हणजे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळून अडीच लाखाचं अनुदान, ते ऐकून लोक तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारणार की ताई आम्हाला बसतं का. त्यासाठी जमिनीचा हक्क दाखवावा लागतो आणि वस्तीतल्या बहुतेकांकडे तो नसतो. गावठाणातलं जुनं घर असेल किंवा नागपूरसारखे मालकी हक्काचे पट्टे दिले गेले असतील तर गोष्ट वेगळी. पुण्यात फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, आहे म्हणजे जमीन नावावर आहे असं नाही, हे तुम्हाला माहीत पाहिजे. उगाच आशा लावू नका.

आणि एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची, वस्ती पाडून बिल्डरकडून बिल्डिंग बांधायची स्कीम तिथे येऊ घातलीय का, हे विचाराच. एखादा बिल्डर संमत्या गोळा करत असेल तर तुमच्याकडे बघायची नजरच वेगळी होणार. निम्म्याहून जास्त झोपडीधारकांची संमती मिळाली की स्कीम पुढे सरकते, त्यामुळे वस्तीत कोणी टेप घेऊन आलं, घरावर नंबर टाकायला लागलं, कागदावर सही मागायला लागलं की लोक सावध होतात आणि ते अगदी बरोबर करतात. 'मोफत सर्व्हे' या नावाखाली बिल्डरचीच माणसं येऊन गेलेली असतात. म्हणून माझा कडक नियम आहे, हजेरीपत्रकावर सुद्धा वरती तारीख, मीटिंगचा विषय आणि 'या सहीचा दुसरा काहीही उपयोग करता येणार नाही' हे मराठीत लिहिल्याशिवाय सही घ्यायची नाही. आणि घर नंबर, नाव, घरात माणसं किती, जागा किती फूट असा जो नकाशा तुम्ही तयार कराल तो बिल्डरला हवाच असतो, त्याला आयता मिळतो. तो तुमच्या वेबसाइटवर, स्पर्धेच्या एंट्रीत, कॉलेजच्या प्रदर्शनात जाता कामा नये. नावांचा नकाशा वस्तीकडे, तुमच्याकडे बिननावाचा.

याचा अर्थ नकाशा करू नका असा नाही, उलट तो कराच. पुण्यात शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९३ पासून हेच करतेय, वस्त्यांचे घरोघर जाऊन केलेले नकाशे, कुठल्या घरात संडास आहे, कुठल्या गल्लीत ड्रेनेज लाइन आहे, आणि त्या नकाशावरून मग घरटी एक संडास. त्यांच्या पद्धतीत संडासाचं मटेरियल संस्था पुरवते आणि बांधायचा खर्च घरवाले करतात. मला त्यातलं सगळ्यात पटलेलं हे की माहिती आधी आणि बांधकाम नंतर, आणि घरवाल्यांचा स्वतःचा पैसा त्यात असल्याने संडास वापरात राहतो, त्यात लाकडं-गोवऱ्या भरल्या जात नाहीत. तुमचा गल्लीचा नकाशा झाला की त्याची मोठी प्रिंट मराठीत काढा, लॅमिनेट करा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. वस्त्या मोजमापाला कंटाळल्यात हो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं येतात, मोजतात, फोटो काढतात, चहा पिऊन जातात, आणि त्या मोजमापाचं पुढे काय झालं हे वस्तीत कोणालाच कळत नाही.

मापं घ्यायला जाल तेव्हा नुसत्या भिंती मोजू नका. मी नव्या मुलांना सांगते की एका घरात अर्धा तास नुसतं बसा. समजा ९ बाय ११ ची खोली आहे. दारातून आत आल्या आल्या डाव्या हाताला मोरी, कारण पाण्याचा नळ गल्लीत आहे आणि पाइप तिथपर्यंतच येतो. मोरीला लागून ओटा, खाली सिलिंडर. समोरच्या भिंतीला पलंग, पलंगाखाली धान्याचे डबे आणि ट्रंका, पलंगाच्या वर मांडणी, तिच्यावर भांडी, कोपऱ्यात देव्हारा, त्याच्या खाली टीव्ही. अँगल टाकून त्यावर लादी बसवलेला माळा, तिथे थोरला मुलगा अभ्यास करतो आणि रात्री झोपतो, वर चढायला लोखंडी शिडी जवळजवळ सरळ उभी. पाणी सकाळी येतं तेव्हा दारात पिंपं असतात आणि दार पूर्ण उघडत नाही. अंघोळ मोरीत, तेव्हा घरातले बाकीचे बाहेर गल्लीत उभे. आता या खोलीत तुम्ही ३ बाय ४ चा संडास कुठे बसवणार? प्लॅनवर मोरीची जागा सगळ्यात सोयीची दिसते, कारण पाइप तिथेच आहे. पण घरातली बाई म्हणते ओट्याला चिकटून नको, देव्हाऱ्याच्या भिंतीला तर नकोच नको, आणि दार उघडलं की गल्लीतून दिसता कामा नये. तिच्या या तिन्ही अटी मान्य करून डिझाईन करणं हेच तुमचं काम आहे. तिचं मन वळवत बसणं हे तुमचं काम नाही, कारण त्या घरात तिला राहायचंय. बऱ्याचदा उत्तर निघतं ते मोरी आणि संडास एकत्र करून त्याला आडव्या बाजूने दार द्यायचं आणि ओटा समोरच्या भिंतीला न्यायचा, म्हणजे घरातलं सगळं सामान हलतं, आणि ते हलवायला ती तयार आहे का हे तिलाच ठरवू द्यायचं.

हे ठरवणं कागदावर होत नाही. वस्तीतल्या किती तरी बायका घर उत्तम चालवतात पण त्यांना प्लॅन वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या पैसेवाल्या क्लायंटनाही येत नाही. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ च्या सुमाराला याचा रस्ता काढून दाखवला. स्पार्क ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली, तिच्यासोबत फुटपाथवरच्या बायकांची महिला मिलन उभी राहिली, पुढे जोकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय फेडरेशन जोडलं गेलं. या बायकांनी आपल्या मनातल्या घराचे खऱ्या मापाचे सांगाडे उभे केले, लाकडाच्या फ्रेमला कापड लावून, आणि लोक त्यात चालून फिरून बघायचे, इथे माळा, इथे मोरी, इथे पंखा. आजही मला मीटिंगसाठी याच्यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही. समाजमंदिराच्या फरशीवर खडूने खोली काढा, बांबू आणि जुन्या साड्या लावा, एक खरा पलंग आणि एक खरं सिलिंडर आणून ठेवा. थोड्याच वेळात बायका तुमचं डिझाईन दुरुस्त करायला लागतील. त्या दिवशी तुमचा लॅपटॉप ऑफिसातच राहू दे.

पुरुषांची मीटिंग आणि बायकांची मीटिंग वेगळी घ्या, हे मी आवर्जून सांगतेय. एकत्र मीटिंगमध्ये मंडळाचे अध्यक्ष बोलतात, पार्किंग आणि कमानीवर बोलतात, आणि बायका मागे उभ्या राहून ऐकतात. तुम्हाला बचत गटाने बोलावलंय ही फार चांगली सुरुवात आहे, तो धागा सोडू नका. मंडळाला डावलायचं नाही, त्यांना सगळं सांगायचं, पण घरातल्या जागेचा निर्णय बायकांच्या मीटिंगमध्ये व्हायला हवा.

तुमचं काम येरवड्यात आहे म्हणून तिथलाच एक अनुभव सांगते, तो प्रत्येक आर्किटेक्टने जाऊन बघण्यासारखा आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर सुधारणेच्या योजनेत शहरी गरिबांच्या घरांचा एक भाग होता, बीएसयूपी. त्यातून पुणे महापालिकेने येरवड्यातल्या काही वस्त्यांमध्ये जागच्या जागी घरं बांधायची ठरवली, म्हणजे सगळं पाडून सात मजली बिल्डिंग नाही, जी कच्ची घरं आहेत तीच त्याच जागी नवीन. स्पार्क आणि महिला मिलन त्यात उतरल्या, सुरुवातीला २००८-०९ च्या सुमाराला फिलिपे बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन या दोघा परदेशी तरुण आर्किटेक्टनी टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या घराची कल्पना मांडली, आणि मग पुण्याचे आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी वस्तीत बसून ती प्रत्यक्षात बसवली. घर २७० चौरस फुटांचं, खर्च साधारण तीन लाख धरलेला, त्यात केंद्र, राज्य, महापालिका आणि घरवाल्यांचा १० टक्क्यांच्या आसपास वाटा. पक्की घरं तशीच ठेवली. आता गंमत बघा, ज्याची जागाच २७० पेक्षा खूप कमी त्याला वर चढवावं लागतं, ज्याची जास्त त्याला थोडी सोडावी लागते, दोन शेजाऱ्यांची भिंत एकच असते त्यामुळे एकटा कोणी पाडूच शकत नाही, आणि एकाचं घर कच्चं दुसऱ्याचं पक्कं. म्हणजे एकेक घराचं वेगळं डिझाईन, वेगळी बोलणी, वेगळी भांडणं. काम रखडलं, घर तयार होईपर्यंत लोकांना भाड्याने राहावं लागलं, आणि तो भाड्याचा बोजा गरिबातल्या गरिबाला जास्त बसला. तरीही माझं स्पष्ट मत आहे की पुण्यातल्या कितीतरी एसआरए बिल्डिंगांपेक्षा ते काम सरस आहे, कारण शेजार मोडला नाही, गल्लीत बसून पापड-शिवण करणाऱ्या बाईचा धंदा गेला नाही, आणि म्हातारी माणसं सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद म्हणून अडकून पडली नाहीत. आणि लक्षात घ्या, हे दानधर्माचं काम नव्हतं, सरकारी योजनेचा पैसा त्याच्यात होता. म्हणून तुमच्या मोफत तासांचा सगळ्यात चांगला उपयोग कधी कधी हाच असतो की वस्तीला अशा योजनेच्या दारापर्यंत तयार कागद, नकाशा आणि अंदाजपत्रक घेऊन नेऊन उभं करायचं.

आता तुमच्या बचत गटाने सांगितलेल्या गोष्टींकडे येते.

संडास. ड्रॉइंग काढायच्या आधी गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडा. खरंच सांगते, हातात टेप घेऊन, मिस्त्रीला सोबत घेऊन उघडा आणि आतली पाइप रस्त्यापासून किती खाली आहे ते मोजा. ४ इंची पाइपला ४० ला १ असा उतार धरला तर २० फुटांत ६ इंच खाली जावं लागतं. घराची जमीन गल्लीच्या खाली गेलेली असेल आणि चेंबर उथळ असेल तर तो संडास पावसाळ्यात उलटा भरतो, मैला घरात येतो. अशा घरात पॅन एक-दीड फूट उचलून घ्यावा लागतो, दोन पायऱ्या करून, आणि मग वरच्या माळ्याची उंची नडते. सेप्टिक टँकचा विचार मनात आला तर आधी बघा की मैला उपसायची गाडी किंवा तिचा पाइप तिथपर्यंत पोचतो का, नाही पोचत तर टँक बांधू नका, कारण तो भरल्यावर कुणाला तरी हाताने उपसायला लावतील, आणि २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे आणि कायदा नसता तरी ते आपल्याला चालायला नको.

काही घरांत संडास बसणारच नाही, हे बचत गटाला स्पष्ट सांगा. त्यांच्यासाठी सार्वजनिक संडास सुधारा. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, शेकडो सार्वजनिक संडास संस्थांमार्फत बांधले गेले, त्यातले ११४ ब्लॉक स्पार्क-महिला मिलनकडे होते. त्यात डिझाईन म्हणून जे सुचलं ते बायकांनी सांगितलेलं होतं: बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या, लहान पोरांसाठी छोटे पॅन आणि धरायला दांडी, नाहीतर पोरं उघड्यावर बसतात कारण मोठ्या पॅनची त्यांना भीती वाटते आणि रांगेत मोठी माणसं त्यांना मागे ढकलतात, देखभाल करणाऱ्या कुटुंबाला वरती राहायला खोली, वापरणाऱ्या कुटुंबांना महिन्याचा पास. आज कुठलाही सार्वजनिक संडास बघा, पाण्याची टाकी आणि राखणारं माणूस या दोन गोष्टी जिथे आहेत तिथेच तो चालतो. टाइल्स कुठल्या लावल्या याने फरक पडत नाही.

ओल. भिंतींना वॉटरप्रूफिंगचं केमिकल सांगून मोकळे होऊ नका. वस्तीतल्या ओलीचं खरं कारण बहुतेक वेळा गल्ली असते. दर निवडणुकीच्या आधी जुन्या काँक्रीटवर नवीन काँक्रीट पडतं, गल्ली दरवेळी चार-सहा इंच वर येते, घरं तिथेच राहतात, आणि दहा-पंधरा वर्षांत घर गल्लीपेक्षा खाली जातं. तुम्ही लेव्हल घेऊन, गल्लीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून, बचत गटाच्या सह्यांचं एक पत्र वॉर्ड ऑफिसला द्या की पुढचं काँक्रीट जुनं उखडून त्याच लेव्हलला करायचं. एका पत्राने आणि एका सेक्शनने चाळीस घरांची ओल कमी होऊ शकते, आणि असलं काम आपल्याशिवाय कोणी करून देत नाही. आर्किटेक्टने वस्तीत करायचं डिझाईन ते हेच, माझ्या मते.

उजेड आणि हवा स्वस्तात होतात. पत्र्याच्या छपरात एक पारदर्शक शीट, भिंतीच्या वरच्या कडेला जाळी, समोरासमोर नाही जमलं तर एक खाली एक वर, म्हणजे गरम हवा बाहेर जाते. छपराला सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो, तो कोरडा कापू-फोडू देऊ नका, ओला करून अख्खा उतरवा, मिस्त्रीला तोंड बांधायला लावा आणि पोरांना लांब ठेवा. शिडीच्या जागी जिना करता आला तर करा, नाहीच जमलं तर निदान शिडी तिरकी आणि दोन्ही बाजूंना धरायला पाइप. रात्री शिडीवरून पडून कंबर मोडलेल्या आजी प्रत्येक वस्तीत असतात.

वरची खोली. इथे मी हात जोडून सांगते, स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय एक वीट वर चढवू नका, आणि त्याला पैसे द्या. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर माळा आहे, त्यावर लोक खोली चढवतात आणि ती उभी राहते म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय. मिस्त्री कॉलम टाकतो तेव्हा ९ बाय ९, चार सळया, सळयांभोवतीच्या रिंगा ८-१० इंचावर आणि रिंगांचे हुक काटकोनात वाकवलेले. रिंगा जवळ घ्यायच्या, हुक १३५ अंशात आत वळवायचे, हे त्याला समजावून सांगा, त्याच्या समोर एक वाकवून दाखवा, अपमान न करता. वस्तीतला मिस्त्री हाच वस्तीचा खरा आर्किटेक्ट आहे, तुमच्या आधीची सगळी घरं त्याने बांधलीत आणि तुमच्या नंतरची पण तोच बांधणार, त्यामुळे तुमच्या १०० तासांतले निदान दहा तास त्याच्यासोबत घालवा. अरुंद गल्लीत मिक्सर येत नाही, काँक्रीट हाताने कालवतात, घमेल्याने डोक्यावरून नेतात, सरकवायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवतात आणि तिथेच ताकद जाते. पाण्याचं माप ठरवून एक डबाच द्या. आणि उंचीची परवानगी किती आहे हे आधी विचारा, मुंबईत वस्तीतल्या घराला १४ फुटांची मर्यादा लावतात आणि त्यावरचं पाडतात, लोकांचे कर्ज काढलेले पैसे एका सकाळी जातात.

आता कायदा. फी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं काही जण मानतात, ते चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोफत सेवा 'सेवा' म्हणून धरली जात नाही हे खरं, त्यामुळे ग्राहक आयोगात तक्रार बहुधा टिकणार नाही. पण स्लॅब पडून कोणी गेलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा फी बघून दाखल होत नाही, आणि तुमचं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन पण तेच असतं. म्हणून ज्यावर सही केली त्याची जबाबदारी पूर्ण तुमची, आणि ज्याची घेता येणार नाही त्यावर सही करू नका. वस्तीसोबत दोन पानांचा मराठी करार करा, वकिली भाषेत नको. काय करणार, काय करणार नाही, किती वेळ देणार, ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं (त्यांच्या), फोटो काढायला कोणाची परवानगी, घरातल्या बाईला नको वाटलं तर तिने केव्हाही नाही म्हणावं. एवढं झालं की पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

पैसे. तुमचे तास मोफत, पण प्रिंट, माती परीक्षण, इंजिनियर, परवानगीचं शुल्क आणि बांधकाम हे मोफत नसतं. त्यासाठी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा, बघा, २०१३ च्या कंपनी कायद्यात नफ्यातल्या २ टक्के खर्चाची जी तरतूद आहे तिच्या यादीत झोपडपट्टी क्षेत्राचा विकास हा विषय स्पष्ट आहे. मात्र कंपनीला पाटी लावायला आवडते, संडासाच्या दारावर कंपनीचं नाव नको हे आधीच ठरवा. बचत गटाचं अंतर्गत कर्ज हा दुसरा मार्ग, हप्ता महिन्याला किती जमतो हे बायकांना बरोबर माहीत असतं, तुम्ही अंदाजपत्रक त्या हप्त्यावरून उलटं मांडा.

आणि कधी नाही म्हणायचं तेही सांगते. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी काठावर घर असेल तर तिथे वरची खोली डिझाईन करू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या वस्त्यांमध्ये माणसं दगावली, भिंत पडून दगावली. पण 'इथून उठा' हे सांगायलाही आपण जायचं नाही, ते काम करायला बाकीचे खूप आहेत. तिथे आपलं काम म्हणजे पाणी कुठवर आलं होतं त्याची लेव्हल प्रत्येक भिंतीवर रंगाने आखणं, रात्री बाहेर पडायचा रस्ता मोकळा करणं, विजेचे मीटर त्या रेषेच्या वर घेणं, आणि पर्यायी जागा जवळच मिळावी म्हणून लोक भांडत असतील तर त्यांना नकाशे काढून देणं.

तुमच्या ऑफिसमध्ये याची फाइल पगारी कामासारखीच ठेवा, जॉब नंबर द्या, एकाच माणसाला जबाबदार करा, टाइमशीट भरा. मोफतचं काम म्हणून ते नेहमी शनिवारी संध्याकाळी उरलेल्या वेळात ढकललं गेलं तर दोन महिन्यांत बंद पडतं आणि पुढच्या फर्मला त्या वस्तीत कोणी दारात उभं करत नाही. बांधकाम दिवाळीनंतर सुरू करा, मे अखेरपर्यंत छप्पर पूर्ण झालं पाहिजे, पहिल्या पावसात सगळ्या घरांमध्ये परत जा आणि कुठे गळतंय, कुठे संडास तुंबतोय ते बघून दुरुस्त करा. हा पावसातला फेरा करारात लिहा, तो सोडून देणारे खूप आहेत.

पहिल्या भेटीची वेळ बचत गटालाच ठरवू द्या, पाणी यायची वेळ आणि मुलांची शाळा सुटायची वेळ टाळून. कॅमेरा नको, पाचही जण नको, दोघं जा, त्यातली एक बाई असू दे. चेंबर उघडायला मिस्त्री, टेप आणि जुने बूट सोबत न्या.